स्कोप्येला पोचेपर्यंत सांगलीच्या हळदीवर काय काय चढतं

उत्तर मॅसिडोनिया (राजधानी स्कोप्ये) हा देश लोकसंख्येने आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षा लहान आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथे सव्वाअठरा लाखांच्या थोडे वर लोक निघाले, आणि सांगली जिल्हा २०११ लाच अठ्ठावीस लाखांवर होता. एवढ्या छोट्या बाजाराकडे आपल्याकडचे हळदवाले आणि बेदाणावाले सहसा वळत नाहीत. वळले तरी पहिला प्रश्न ठरलेला: "तिथं ड्युटी किती टक्के?" माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. आधी ती कशावर लागते ते बघा, मग कोणत्या कोडवर (मालाच्या वर्गीकरण क्रमांकावर) लागते ते बघा, आणि टक्का त्यानंतर. ही उतरंड कळली की अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, मोल्दोव्हा यांचाही हिशोब थोड्याफार फरकाने तसाच मांडता येतो.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. उत्तर मॅसिडोनिया २००५ पासून युरोपीय संघाचा उमेदवार आहे, सदस्य नाही. त्यामुळे भारताचे युरोपीय संघाशी काहीही ठरलं तरी ते आपोआप स्कोप्येला लागू होत नाही. संघासाठी लागणारी रेक्स ही निर्यातदाराची नोंदणी आणि त्यावरचं उगमाचं (माल मूळचा कोणत्या देशाचा याचं) निवेदन तिथे दाखवून उपयोग नाही. भारताचा त्या देशाशी मुक्त व्यापार करार नाही. दोघेही जागतिक व्यापार संघटनेत आहेत (ते २००३ मध्ये आले), म्हणून आपल्या मालाला सर्वसाधारण दर लागतो. युरोपीय संघ, शेजारचे सेफ्टा (मध्य युरोपीय मुक्त व्यापार करार) देश, एफ्टा (स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे) आणि तुर्कस्तान यांच्याशी त्यांचे करार आहेत. बेदाण्याच्या बाबतीत यातलं तुर्कस्तानचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते परत येतं.

आता पाया. कर आपल्या बिलाच्या रकमेवर लागत नाही, माल त्यांच्या सीमेवर पोचेपर्यंतच्या किमतीवर लागतो. देशाला समुद्र नाही. न्हावाशेवाहून निघालेला कंटेनर बहुधा ग्रीसमधल्या थेसालोनिकी बंदरात उतरतो. तिथून सत्तर-एक किलोमीटरवर एव्झोनीची ग्रीक चौकी, समोर बोगोरोदित्सा ही त्यांची चौकी, आणि तिथून स्कोप्ये दीडशे किलोमीटरच्या पुढे. म्हणून कस्टम्सच्या दृष्टीने मालाची किंमत म्हणजे एफओबी (आपल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतची किंमत), अधिक समुद्राचं भाडं, अधिक विमा, अधिक थेसालोनिकीतली हाताळणी, अधिक बोगोरोदित्सापर्यंतचं ट्रकभाडं. सीमेपलीकडचं भाडं यात येत नाही, पण ते बिलावर वेगळं दाखवलेलं असेल तरच. फॉरवर्डरने (माल पोचवणाऱ्या एजंटने) "थेसालोनिकी ते स्कोप्ये, एकूण इतके" असं एका ओळीत बिल दिलं तर अख्खं भाडं किमतीत धरलं जाण्याची भीती असते. दोन ओळींत बिल मागायला पैसे पडत नाहीत.

आकडे मांडून बघू. हे हिशोबापुरते गृहीत धरलेले आकडे आहेत, बाजारभाव नव्हेत. हळद पावडर, २५ किलोच्या ५६० पिशव्या, म्हणजे १४ टन, एफओबी किलोला २ युरो.

एफओबी: २८,००० युरो
समुद्राचं भाडं: २,६००
विमा: १५०
थेसालोनिकीतला खर्च आणि सीमेपर्यंतचा ट्रक: १,२५०
कस्टम्ससाठी किंमत: ३२,०००
ड्युटी ५ टक्के धरली तर: १,६००
सीमेपासून स्कोप्येपर्यंतचं भाडं: ४००
व्हॅटचा पाया: ३४,०००

व्हॅटच्या पायात ड्युटी मिसळते आणि देशातल्या पहिल्या मुक्कामापर्यंतचं भाडंही येतं. म्हणजे मघाशी वेगळं काढलेलं ४०० युरोचं भाडं ड्युटीतून सुटलं, व्हॅटमधून नाही. तिथला सर्वसाधारण व्हॅट १८ टक्के. माणसाच्या खाण्याच्या पदार्थांसाठी ५ टक्क्यांचा सवलतीचा दर आहे, पण आपला कोड त्या यादीत बसतो का हे आयातदाराने आधी तपासायला हवं. ५ टक्के लागला तर १,७०० युरो, १८ लागला तर ६,१२०. फरक ४,४२० युरोचा. ड्युटी मात्र दोन्ही वेळा १,६०० च आहे.

आयातदार व्हॅट नोंदणीचा असेल तर हा व्हॅट त्याला वजावटीत परत मिळतो, आपल्याकडच्या इनपुट क्रेडिटसारखा. म्हणून तो मालाच्या खर्चात धरू नये. पण सीमेवर रोख भरावा लागतो आणि पुढे महिना-दोन महिने अडकतो. छोट्या आयातदाराचं भांडवलच तेवढं असतं, म्हणून तो तुमच्याकडे उधारी मागतो. त्याच्या उधारीच्या मागणीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं, तुमच्या भावात नाही. ड्युटी मात्र गेली ती गेली, ती खर्चातच बसते.

व्हॅट सोडून किलोचा हिशोब केला तर माल स्कोप्येत सुमारे २ युरो ४३ सेंटला पडला, दलालाची फी आणि तपासणी वगळून. वरच्या ४३ सेंटांपैकी ड्युटी साडेअकरा सेंटांच्या आत आणि वाहतूक, विमा, हाताळणी मिळून एकतीस सेंटांच्या वर. ज्या टक्क्यावरून घासाघीस चालते तो भाग एवढाच. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजं जाऊ लागली तेव्हा भाडं वाढलं, आणि भाडं पायात असल्यामुळे टक्का तोच राहूनही कर वाढला. कोटेशन देताना भाड्याची मुदत लिहायची ती यासाठी.

आता कोड. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. वाळवलेली हळद आपल्याकडे ०९१०३०२०, पावडर ०९१०३०३०. पलीकडे दोन्ही ०९१०३० मध्ये. इथवर सोपं. गडबड होते ती मसाल्यात. हळद, धणे, जिरे यांचं नुसतं मिश्रण ०९१०९१ मध्ये जातं. त्यात मीठ, साखर, चव वाढवणारे पदार्थ घालून मालाचं मूळ रूपच बदललं की तो तयार मसाला म्हणून २१०३ मध्ये. हळदीचा काढलेला रंग ३२०३, ओलिओरेझिन (हळदीचा दाट अर्क) ३३०१ आणि हळदीच्या कॅप्सूल बहुधा २१०६ मध्ये. या प्रत्येक घराचा दर वेगळा आणि व्हॅटची सवलतही वेगळी. बिलावर नुसतं "टर्मरिक प्रॉडक्ट" लिहिलं की तिथला अधिकारी जास्त दराचं घर निवडणार, आणि त्यात त्याची चूक नाही. "वाळवलेल्या हळदीची पावडर, १०० टक्के, काही न मिसळलेली, मानवी आहारासाठी" इतकं स्पष्ट लिहा. शंका असेल तर आयातदार तिथल्या सीमाशुल्क खात्याकडून वर्गीकरणाचं बंधनकारक मत आधीच लेखी घेऊ शकतो. दर बघायला त्यांची टारिम ही एकत्रित दरसूची आहे आणि परवान्यांसाठी एक्झिम ही एकखिडकी. या दोन्ही ठिकाणी आयातदाराच्या दलालाने बघून तुम्हाला कोडसकट लेखी कळवावं. फोनवरचा "पाच टक्के असेल" हा आकडा कोटेशनमध्ये घालू नका.

गूळवाल्यांसाठी जाता जाता: गुळाचा कोड १७०१, म्हणजे साखरेच्या घरातला. साखर हा जवळपास प्रत्येक देशाचा नाजूक विषय. हळदीचा दर बघून गुळाचा अंदाज बांधू नका.

बेदाण्याची गोष्ट निराळी. कोड ०८०६२०. मॅसिडोनिया स्वतः द्राक्षांचा आणि वाइनचा देश आहे, त्यामुळे या फळाकडे तिथलं सरकार हळदीसारखं अलिप्तपणे बघत नाही. अशा काही शेतमालावर नुसता टक्का नसतो, टक्क्यावर किलोमागे ठरावीक रक्कमही असते. समजा ५ टक्के अधिक किलोला १० सेंट असा दर आहे. दोन युरोच्या चांगल्या हिरव्या बेदाण्यावर तो २० सेंट म्हणजे १० टक्के पडला. सव्वा-दीड युरोच्या आतल्या मालावर, समजा १ युरो २० सेंटच्या काळ्या बेदाण्यावर, १६ सेंट म्हणजे १३ टक्क्यांच्या वर. हलक्या मालावर कराचा बोजा जास्त, असा हा उलटा प्रकार आहे. तासगावच्या सौद्यात स्वस्तात उचललेला माल तिथे स्वस्त राहत नाही. शेजारी तुर्कस्तान हा बेदाण्यातला मातब्बर निर्यातदार. त्याचं भाडं आपल्यापेक्षा कमी आणि त्याच्याकडे करारही आहे. हिरवा, लांब, एकसारख्या आकाराचा माल घेऊन उतरलात तर काही जागा आहे. हलक्या मालाने तुर्कांशी टक्कर घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

उगमाचा मुद्दा कायम गोंधळाचा. काहींची युक्ती अशी: हॅम्बुर्ग किंवा रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला माल विकायचा, तो तिथे दळून पिशव्यांत भरेल आणि युरोपीय माल म्हणून स्कोप्येला शून्य दराने पाठवेल. हे चालत नाही. युरोपीय संघ आणि उत्तर मॅसिडोनिया यांच्यातल्या उगमाच्या नियमांत पुरेशी न धरली जाणारी कामं यादी करून दिलेली आहेत, आणि साधं दळणं, कापणं, मिसळणं, पिशवी बदलणं ही सगळी त्या यादीत आहेत. हळद जर्मनीत दळली तरी भारतीयच. तिच्यावर ईयूआर.१ हे सवलतीसाठीचं उगमाचं प्रमाणपत्र काढलं आणि मागाहून पडताळणीत ते रद्द झालं, तर ड्युटी, व्याज आणि दंड स्कोप्येचा आयातदार भरतो, आणि मग तुमचं पुढचं बिल तो थांबवतो.

हाच नियम स्कोप्येतून पुढे माल पाठवतानाही आडवा येतो. सेफ्टा हा मुक्त व्यापार करार आहे, एकच कस्टम्स असलेला संघ नव्हे. स्कोप्येत ड्युटी भरून सोडवलेली भारतीय हळद प्रिस्टिना (कोसोव्हो) किंवा बेलग्रेडला (सर्बिया) नेली तर तिथे नव्याने ड्युटी आणि नव्याने व्हॅट. माल वाटून द्यायचा असेल तर तो कस्टम्सच्या गोदामात ठेवावा आणि तिथूनच ट्रान्झिटमध्ये पुढे काढावा, म्हणजे पहिल्या देशाची ड्युटी लागतच नाही. शेजाऱ्यांचे सर्वसाधारण व्हॅटचे दर: सर्बिया आणि अल्बानिया २०, बोस्निया १७ (तिथे एकच दर), मॉन्टेनेग्रो २१, कोसोव्हो १८. सर्बिया आणि बोस्निया जागतिक व्यापार संघटनेत नाहीत. कोसोव्होला भारताने मान्यता दिलेली नाही, त्यामुळे थेट त्या नावाने कागद काढण्याआधी आपल्या बँकेशी बोलून घ्या.

आता रस्त्यातले कागद. थेसालोनिकी युरोपीय संघात आहे, पण माल संघात विकायचा नाही, नुसता पार करायचा आहे. म्हणून तिथे टी-१ ट्रान्झिट, म्हणजे कर न भरता माल पार नेण्याचा कागद, निघतं. उत्तर मॅसिडोनिया १ जुलै २०१५ पासून सामायिक ट्रान्झिट व्यवस्थेत आहे, त्यामुळे एकच टी-१ बंदरापासून थेट स्कोप्येच्या टर्मिनलपर्यंत चालतं. त्याला हमी लागते, आणि ती काढणाऱ्या एजंटची जोखीम मोठी. ट्रक ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या कार्यालयात पोचून नोंद झाली नाही, तर ग्रीसमध्ये भरावा लागला असता तो सगळा कर हमीतून वसूल होऊ शकतो. कंटेनर बंदरातच रिकामा करून माल ट्रकमध्ये भरला तर सील बदलतं. नवीन सीलचा नंबर टी-१ वर चढला की नाही हे त्याच दिवशी विचारा. ड्रायव्हर सीमेवर उभा राहिल्यावर ते निस्तरायला फार वेळ जातो.

बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) दोन गोष्टी हव्यातच. एक, "इन ट्रान्झिट टू स्कोप्ये, नॉर्थ मॅसिडोनिया" ही ओळ. दोन, देशाचं पूर्ण नाव. फेब्रुवारी २०१९ पासून अधिकृत नाव उत्तर मॅसिडोनिया आहे, आणि थेसालोनिकी ज्या ग्रीक प्रांतात येतं त्याचंही नाव मॅसिडोनियाच. नुसतं "मॅसिडोनिया" लिहिलेला कागद ग्रीक टेबलावर गेला की माल ग्रीससाठीच आहे असाही अर्थ निघतो. देशाचा कोड मात्र पूर्वीचाच, एमके.

वजनाचा मेळ हा दुसरा अडथळा. वरच्याच मालात निव्वळ वजन १४,००० किलो. रिकामी पिशवी दीडशे ग्रॅमची धरली तर ५६० पिशव्यांचे ८४ किलो, म्हणजे एकूण १४,०८४. बिलावर, पॅकिंग लिस्टवर, शिपिंग बिलात, उगमाच्या प्रमाणपत्रावर आणि फायटोवर (वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रावर) हेच दोन आकडे याच अर्थाने यायला हवेत. एका कागदावर निव्वळच्या रकान्यात १४,०८४ पडलं की किलोमागचा कर असलेल्या मालावर ८४ किलोंचा कर उगाच जातो. कर नसला तरी प्रश्न निघतो आणि कंटेनर थांबतो. कंटेनर थांबला की जहाज कंपनीचे मोफत दिवस संपतात, आणि दहा-बारा दिवसांचं डिटेन्शन (कंटेनर अडकल्याचा आकार) वाचवलेल्या ड्युटीहून सहज मोठं होतं. पॅलेट लाकडी असेल तर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवा. पावसाळ्यात भरत असाल तर ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या लावा, नाहीतर छताला धरलेलं पाणी वरच्या थरावर ठिबकतं आणि गाठी होतात.

इकडचे कागद तुम्हाला माहीतच आहेत: आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), एलयूटी (जीएसटी न भरता निर्यातीचं हमीपत्र), हळदीसाठी मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी, बेदाण्यासाठी अपेडा (शेतमाल निर्यात प्राधिकरण), आणि उगमाचं बिगरसवलतीचं प्रमाणपत्र डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन व्यवस्थेतून. सवलत मिळत नसली तरी उगमाचा पुरावा म्हणून ते मागतात.

तपासणीकडे मात्र नीट बघा. आपल्याकडे एफएसएसएआयच्या मर्यादेत हळदीत शिसं किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. युरोपीय संघात मुळं आणि कंदांच्या मसाल्यांसाठी ही मर्यादा १.५ आहे. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची मर्यादा बी-१ साठी ५ आणि एकूण १० मायक्रोग्रॅम. बेदाण्यात ऑक्रॅटॉक्सिन-ए हे असंच विष ८ मायक्रोग्रॅम, आणि गंधकाची धुरी दिलेल्या मालात सल्फर डायऑक्साइड २,००० मिलिग्रॅमपर्यंत. १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर लेबलवर सल्फाइटचा उल्लेख हवा. उमेदवार देश आपले नियम याच आकड्यांकडे नेत असतात, म्हणून माल यात बसेल असाच भरावा. आपल्याकडचा "पास" रिपोर्ट तिथे पुरत नाही. पॉलिश करताना पिवळा रंग चढवलेली हळकुंडं शिशात अडकतात, आणि दळल्यावर ते लपत नाही.

ड्युटी माल मोकळा करताना भरायची असते. म्हणून नमुना निघून प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत माल कस्टम्सच्या देखरेखीखालीच ठेवावा. आधी ड्युटी भरली आणि मग माल नापास झाला तर परताव्याची वाट बघत बसावं लागतं. लेबल मॅसिडोनियन भाषेत, सिरिलिक लिपीत लागतं. आयातदाराचं नाव, उगमाचा देश, वापराची अंतिम तारीख त्यावर यावी. हा स्टिकर गोदामात चिकटवता येतो, त्यासाठी प्रत्येक पिशवीवर एक कोरी जागा सोडा. छपाई करणारे ती जागा हमखास भरून टाकतात.

आता "बिल जरा कमी लावा" या विनंतीबद्दल. वरच्याच उदाहरणात २८,००० चं बिल १८,००० केलं तर ड्युटी ५०० युरोने वाचते. व्हॅट तसाही परत मिळणाराच होता. पण आयातदाराच्या वहीत खरेदी १०,००० ने आणि ड्युटी ५०० ने कमी दिसते, म्हणजे नफा १०,५०० ने फुगतो. तिथे कंपनीच्या नफ्यावर १० टक्के कर आहे, म्हणजे १,०५० युरो जास्त कर. पाचशे वाचवायला हजारावर गेले. वर दहा हजार युरो बँकेबाहेरून तुमच्याकडे कसे येणार हा प्रश्न उरतोच, आणि आपल्या बाजूला तो फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) भंग. शिवाय कस्टम्सकडे मागच्या आयातींचे भाव असतात. ५ टक्क्यांच्या ड्युटीसाठी हा व्यवहार साध्या गणितातही बसत नाही, त्यामुळे विनंती आलीच तर हे गणित आयातदाराला पाठवून द्या.

भावाच्या अटीबद्दल मी डीडीपीला सरळ नाही म्हणतो. डीडीपीत तिथली ड्युटी आणि व्हॅट तुम्ही भरता, पण तुमची तिथे नोंदणी नसते, त्यामुळे व्हॅट परत मिळत नाही. वरच्या मालात तो १,७०० किंवा ६,१२० युरोचा थेट तोटा आहे. थेसालोनिकीपर्यंतचा भाव द्या. आयातदार फारच मागे लागला तर डीएपी स्कोप्ये द्या, ज्यात गाडी तुमची आणि कर त्याचा. बिल युरोत काढा. तिथलं चलन देनार बरीच वर्षं युरोला साडेएकसष्टच्या आसपास बांधलेलं आहे, त्यामुळे कस्टम्सने देनारात केलेला हिशोब आणि तुमचा हिशोब यांत फरक पडत नाही. डॉलरमध्ये बिल काढलं तर पायाच रोज हलतो.

पहिली खेप पाठवण्याआधी दोन किलोचा नमुना कुरिअरने पाठवताना बिलावर किंमत शून्य लिहू नका. "विक्रीसाठी नाही, फक्त कस्टम्ससाठी किंमत" असं लिहून खरी किंमत टाका. शून्य किमतीचं पार्सल अधिकारी स्वतःच्या अंदाजाने मोजतो. आणि त्या नमुन्यावर आयातदाराने जो कोड भरला, जो दर लागला, त्या घोषणापत्राची प्रत मागून ठेवा. कंटेनरच्या कोटेशनला तोच कोड आणि तोच दर आधार धरा.